लॅमी २००० : सोलापूरच्या उन्हातला तिसरा महिना

पारा ४२ च्या वर गेलाय. अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात माझ्या टेबलावरचा पंखा गरम हवाच फिरवतो. सुताची आवक, बीमचा (ताण्याच्या सुताच्या रुळांचा) हिशेब, सगळं अजून याच पेनानं, लॅमी या जर्मन कंपनीच्या ‘२०००’ या शाईपेनानं लिहितोय.

आधी शिरोरेघेबद्दल, कारण मार्चात तीच अडली होती. या पेनाची निब टोकाशी जेमतेम दिसते, बाकी झाकलेली. तिचा नीट लिहिणारा भाग अगदी अरुंद. माझी पेन जरा डावीकडे कलतं धरायची जुनी सवय, त्यामुळे ‘आवक’ लिहिलं की वरची रेघ ‘व’पाशीच तुटायची. मग दोन आठवडे टोपण मागे लावून लिहिलं, क्लिप बरोबर निबच्या रेषेत. क्लिप बाजूला सरकलेली दिसली की समजायचं, हात फिरला. आता टोपण न लावताही रेघ पानाच्या कडेपर्यंत सलग जाते. आपल्या लिपीला अशी कसोटी प्रत्येक पेनाची घ्यावी. नुसती सही करून काही कळत नाही.

गेर्ड म्युलर यांनी हे पेन केलं आणि ते १९६६ साली बाजारात आलं. त्याआधी म्युलर ब्राउन या जर्मन कंपनीत दाढीच्या आणि स्वयंपाकघरातल्या यंत्रांचं डिझाइन करत. पेनाचं अंग काचतंतू घातलेल्या मॅक्रोलॉनचं, म्हणजे एका टणक प्लास्टिकचं, पुढचा भाग पोलादी. मागची शाई भरायची फिरकी बंद केली की सांधा डोळ्यांना सापडत नाही, नखानं शोधावा लागतो. तीन महिने झाले, मी अजून रोज एकदा शोधतो. टोपणाला आटेही नाहीत. ते धरून ठेवायला पोलादी कडीचे दोन बारीक कान आहेत. काहींना ते बोटाला टोचतात, पण आट्यांपेक्षा मला हेच पटतं. धुताना पुढचा भाग उघडलात तर बेसिनला बूच लावा. ही कडी सुटी असते. माझी जाळीवर अडकली म्हणून वाचली.

एक चूक शनिवारची. पेन भर दुपारी गाडीच्या डिक्कीत राहिलं. टाकीत अर्धी शाई, अर्धी हवा. हवा तापून फुगली, तिनं शाई पुढे ढकलली आणि टोपण काढलं तर निबभर निळा थेंब. भरलेल्या टाकीत हवा कमी, म्हणून हा त्रासही कमी. आता टाकी अर्ध्यावर आली की भरतो आणि पेन उभंच ठेवतो, निब वर.

रजिस्टरच्या कागदावर शाई फुटते, तो दोष कागदाचा. घरच्या वहीत हीच शाई स्वच्छ उमटते.

मुलीला लॅमीचंच सफारी पेन दिलंय, वोल्फगांग फाबियानचं, १९८० चं डिझाइन. त्याच्या तिरप्या खाचांत बोटं आपोआप बसतात. तिनं रात्री दोन पानं शुद्धलेखन लिहिलं आणि तिसरं पान मागितलं.

माझं पेन हाताच्या बेचक्यात टेकतं तिथे खरखरीत मॅक्रोलॉन किंचित चकाकायला लागलंय.