सीमा घाटाने ओलांडाव्यात: म्युनिक ते म्युनिक, बारा रात्री, चार देश

युरोपात स्वतः गाडी चालवत फिरायचे ठरले की बहुतेक जण नकाशावर राजधान्या जोडू लागतात. आम्हीही आधी तेच केले होते. नंतर लक्षात आले की शहरे जोडायला रेल्वे उत्तम आहे आणि गाडी घ्यायची ती रेल्वे जिथे बोगद्यात शिरते तिथे डोंगरावरून जाण्यासाठी. म्हणून मी, पत्नी, ताई आणि दाजी अशा आम्हा चौघांनी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया आणि इटली असा साधारण १,७०० किलोमीटरचा फेरा एकाच नियमावर आखला: शक्य तिथे सीमा जुन्या घाटरस्त्याने ओलांडायची आणि दिवसाला चार तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही.

आखणीत सर्वांत आधी रात्री मोजाव्यात, कारण शेंगेन व्हिसा कोणत्या देशाकडे मागायचा हे त्यावर ठरते. ज्या देशात मुक्काम सर्वाधिक, त्याच देशाकडे अर्ज करावा लागतो, आणि मुक्काम समसमान असेल तर पहिल्या प्रवेशाच्या देशाकडे. आमचे विमान म्युनिकला उतरणार होते, पण इटलीत पाच रात्री होत्या, म्हणून आम्ही इटलीचा व्हिसा घेतला. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या आरटीओकडून मिळतो आणि तो एका वर्षासाठी असतो. मात्र मूळ परवाना सोबत नसेल तर त्याचा उपयोग नाही, त्यामुळे दोन्ही जवळ ठेवावेत. गाडी एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडली की त्याचे भाडे फार वाढते, म्हणून जिथून घेतली तिथेच परत करणारा फेरा आखलेला बरा. आपण कोणकोणत्या देशांत जाणार आहोत हे गाडी आरक्षित करतानाच लिहून द्यावे आणि करारपत्रावर तशी नोंद आहे ना, हे चावी हातात घेण्यापूर्वी वाचून पाहावे. अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवली जाते, तेव्हा कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचे हवे.

टोलचा हिशेब देशागणिक वेगळा आहे. जर्मनीत मोटारींना टोल नाही. ऑस्ट्रियाच्या महामार्गांवर व्हिन्येट (ठरावीक मुदतीचा टोलपास) लागते आणि ती आता गाडीच्या क्रमांकावर डिजिटल स्वरूपात घेता येते. आमचा पहिला आणि शेवटचा ऑस्ट्रियन टप्पा यांत दहा दिवसांहून अधिक अंतर होते, त्यामुळे सुरुवातीला दहा दिवसांची आणि शेवटी एका दिवसाची अशा दोन व्हिन्येट आम्ही घेतल्या. दोन महिन्यांची घेण्यापेक्षा हे स्वस्त पडले. स्लोव्हेनियातही महामार्गासाठी ई-व्हिन्येट लागते, पण क्रान्स्का गोरा, बोव्हेत्स, कोबारिद, नोव्हा गोरित्सा हा सगळा मार्ग साध्या रस्त्यांचा असल्याने आम्हाला ती लागलीच नाही. इटलीत नाक्यावर तिकीट घ्यायचे आणि बाहेर पडताना अंतराप्रमाणे पैसे भरायचे. तिथे टेलिपासच्या, म्हणजे गाडीत टोलयंत्र बसवलेल्यांसाठीच्या, पिवळ्या रांगेत मात्र चुकूनही शिरू नये.

म्युनिकहून निघून साल्झबुर्गमध्ये दुपार घालवली आणि ग्रोसग्लॉकनर रस्त्याच्या पायथ्याशी फूश या गावात दोन रात्री राहिलो. दुसरी रात्र राखीव होती, कारण या रस्त्यावर ढग उतरले तर काहीच दिसत नाही आणि एका दिवसाचा टोल ४० युरोंहून अधिक आहे. पहिल्या दिवशी खरोखरच पाऊस लागला, आणि राखीव दिवसाचे मोल कळले. ३ ऑगस्ट १९३५ रोजी खुला झालेला हा ४८ किलोमीटरचा रस्ता ३६ हेअरपिन वळणे घेत होखटोर खिंडीजवळ २,५०४ मीटरपर्यंत चढतो. तो साधारण मेच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतच उघडा असतो. सकाळी आठच्या आत नाका ओलांडला तर निम्मी वळणे आपल्या एकट्याची असतात. वरच्या फाट्याने कायझर-फ्रान्झ-योसेफ्स-ह्योहेला जरूर जावे. समोर ३,७९८ मीटरचा ग्रोसग्लॉकनर आणि खाली पास्तेर्झे हिमनदी आहे. हिमनदीकडे उतरणाऱ्या वाटेवर, कोणत्या वर्षी बर्फ कुठवर होते, हे सांगणारे फलक लावले आहेत. एकेका फलकापाशी थांबत आम्ही बरेच खाली गेलो, तरी बर्फ दूरच होते. इतके वाईट वाटण्यासारखे दुसरे काही या प्रवासात पाहिले नाही.

उतरताना गिअर खालचा ठेवावा, ब्रेकवर पाय रोवून बसू नये. वरंधा किंवा आंबोली घाटात गाडी चालवलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको, पण ऑटोमॅटिक गाडीतही हाताने गिअर बदलण्याची सोय असते आणि ती म्युनिकलाच शिकून घ्यावी.

फिलाखहून स्लोव्हेनियात जायला कारावांकेन बोगदा आहे, त्याचा वेगळा टोल आहे आणि तो जवळपास आठ किलोमीटर अंधारातून नेतो. आम्ही त्याऐवजी वुर्त्सेन खिंड घेतली. उंची अवघी १,०७३ मीटर, पण ऑस्ट्रियाच्या बाजूने चढण अठरा टक्क्यांपर्यंत जाते. तासाभरात क्रान्स्का गोरा आले.

दुसऱ्या दिवशीचा व्हर्शिच घाट हा माझ्या मते या फेऱ्याचा गाभा आहे. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याला इटलीविरुद्धच्या इसोन्झो (सोचा नदीचे इटालियन नाव) आघाडीवर रसद पोहोचवायची होती, म्हणून हा रस्ता रशियन युद्धकैद्यांकडून करवून घेतला गेला. मार्च १९१६ मध्ये कोसळलेल्या हिमलोटात त्यांतले अनेक जण गाडले गेले. पन्नास वळणांपैकी प्रत्येकावर क्रमांक आणि उंची लिहिलेली पाटी आहे, आणि उत्तरेच्या बाजूची वळणे अजूनही दगडी फरसबंदीची आहेत. चाकाखाली ते दगड खडखडू लागले की वेग आपोआप उतरतो. आठव्या वळणाजवळ गाडी लावून झाडीतल्या पायऱ्या चढलो. कैद्यांनी आपल्या मृत सोबत्यांसाठी बांधलेले लाकडी प्रार्थनामंदिर तिथे आहे. दोन छोटे मनोरे, काळसर लाकूड, बाहेर कुणीतरी ठेवलेली ताजी रानफुले. ताई बराच वेळ पायरीवर बसून होती. इथे निदान अर्धा तास हाताशी ठेवावा.

१,६११ मीटरचा माथा ओलांडला की सोचा नदीचे खोरे लागते. पाण्याचा तो हिरवा रंग छायाचित्रात खोटा वाटतो, पण तो तसाच आहे. कोबारिदला दोन रात्री राहावे. २४ ऑक्टोबर १९१७ रोजी सुरू झालेल्या इसोन्झोच्या बाराव्या लढाईत इटलीची आघाडी इथेच फुटली. गावातले युद्धसंग्रहालय लहान असले तरी अतिशय प्रामाणिक आहे. विजय कुणाचा झाला यापेक्षा सैनिक कसे जगले हे ते दाखवते. १९९३ मध्ये त्याला युरोप परिषदेचा संग्रहालय पुरस्कार मिळाला. गावाच्या वरच्या टेकडीवर ७,००० हून अधिक इटालियन सैनिकांचे अस्थिस्मारक आहे. संध्याकाळी जेवणात कोबारिदचे श्ट्रुक्ली मागवले. पीठ गव्हाचे आणि आत अक्रोड-बेदाण्यांचे गोड सारण, वरून लोण्यात परतलेला पावाचा चुरा. घरी गणपतीचे दिवस होते, त्यामुळे पहिला घास घेताच पत्नी म्हणाली, "अहो, हे तर मोदकाचे चुलतभाऊ."

नोव्हा गोरित्सात रेल्वे स्थानकासमोरचा चौक पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. १९४७ मध्ये सीमा आखली तेव्हा जुने गोरित्सिया शहर इटलीत राहिले आणि हे स्थानक युगोस्लाव्हियात गेले. मधले कुंपण २००४ मध्ये निघाले, आणि आता चौकाच्या मध्यावर जमिनीत बसवलेल्या गोल खुणेवर एक पाय इटलीत, एक स्लोव्हेनियात ठेवून उभे राहता येते. अर्थात या सर्व सीमांवर सध्या अधूनमधून तपासणी होते, म्हणून पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत ठेवू नयेत.

त्रिएस्तेमध्ये दोन रात्री विसावलो. तिथून लुगोपर्यंतचा सव्वातीनशे किलोमीटरचा सपाट रस्ता रटाळ आहे, तरी आम्ही तो मुद्दाम घेतला. लुगोजवळ सेनियो नदी वाहते. ९ एप्रिल १९४५ रोजी ती ओलांडताना मराठा लाइट इन्फन्ट्रीची आघाडीची एक छोटी तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. तेव्हा अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणले. मग एकट्याने तीन मशीनगन बंद पाडल्या, आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची युद्धगर्जना करत मागच्या तुकड्यांना पुढे बोलावले. त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नदी ओढ्याएवढीच आहे, पण दोन्ही काठांचे पूरबांध उंच आणि उघडे आहेत. त्यावर चढल्यावर, लपायला तसूभर जागा नसताना तो माणूस कुठे उभा राहिला होता, हे डोळ्यांनी दिसते. आम्ही चौघांनी तिथे नमस्कार केला. पुढे फोर्लीला भारतीय सैनिकांची युद्धस्मशानभूमी आहे. येताना फुले घेऊन यावे.

इटलीच्या शहरांत गाडी शक्यतो नेऊच नये. जुन्या वस्तीच्या तोंडाशी झेडटीएल असा फलक दिसला की आत केवळ परवाना असलेल्या गाड्यांना प्रवेश असतो आणि कॅमेरा क्रमांक टिपतो. एका शहरात हॉटेल शोधण्याच्या नादात माझ्याकडून ही चूक झाली, आणि काही महिन्यांनी दंडासोबत गाडी कंपनीचे हाताळणी शुल्कही भरावे लागले. मुक्काम आतल्या भागात असेल तर गाडीचा क्रमांक हॉटेलला आधी कळवावा, ते नोंद करून देतात. रस्त्याकडेला पांढऱ्या रेषा असतील तर पार्किंग मोफत, निळ्या असतील तर सशुल्क, पिवळ्या राखीव. पेट्रोल ऑस्ट्रिया किंवा स्लोव्हेनियातच भरून घ्यावे.

व्हेरोनाहून परतताना ब्रेनर खिंड लागते. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी तिथल्या महामार्गावर कोंडी होते आणि कोंडी चुकवण्यासाठी गावातल्या रस्त्यांवर उतरायला टिरोलमध्ये बंदी असते, त्यामुळे हा टप्पा मधल्या वारी ठेवावा. कोंडीत गाड्या थांबू लागताच डाव्या मार्गिकेतल्यांनी डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकून मधे रुग्णवाहिकेसाठी वाट मोकळी करायची असते, हे जर्मनी आणि ऑस्ट्रियात कायद्याने बंधनकारक आहे. शेवटची रात्र इन्सब्रुकला काढून आम्ही सकाळी सहाला निघालो, कारण कूफश्टाइनच्या पुढे जर्मन तपासणीपाशी रांग लागते. विमानतळाजवळच्या पंपावर टाकी भरली, पावती जपून ठेवली, गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढले आणि चावी परत केली.