ऑरगॅनिक सोलर सेल आणि एलईडी: मराठवाड्याच्या हवेत कार्यक्षमता वाढवताना आलेला अनुभव

ऑरगॅनिक सोलर सेल म्हणजे कार्बनी पदार्थांचे पातळ थर काचेवर चढवून केलेला सेल. त्याची कार्यक्षमता (प्रकाशाचा किती वाटा विजेत उतरतो ते) वाढवायची म्हटलं की पहिली नजर नव्या रेणूंकडे जाते. २०१९ साली पीएम६ (इलेक्ट्रॉन देणारं पॉलिमर) आणि वाय६ (इलेक्ट्रॉन घेणारा रेणू) या जोडीने १५.७ टक्के गाठले, त्यानंतर एकपदरी (प्रकाश शोषणारा एकच थर असलेले) सेल १९ टक्क्यांच्या पुढे गेले. तरीही आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला आम्ही आधी पी३एचटी (पॉलिमर) आणि पीसीबीएम (फुलरीनपासून केलेला रेणू) या जुन्या जोडीवरच बसवतो. त्यात साडेतीन टक्के मिळतात, पण सहाच्या सहा काचांवर सारखे मिळाले पाहिजेत. जी गळती आणि जे अडथळे या जुन्या जोडीत कार्यक्षमता खातात, तेच वाय६मध्येही खातात, फक्त तिथे एक ग्रॅम मालाची किंमत खूप जास्त असते.

काचेपासून सुरुवात करू. आयटीओचा (पारदर्शक, वीजवाहक ऑक्साइडचा) लेप असलेली, चौरसाला १० ते १५ ओहम रोधाची काच घ्यावी. लेपाची बाजू मल्टीमीटरने ओळखावी. ठेवायची पट्टी टेपने झाकून उरलेल्या भागावर जस्ताची पूड पसरायची आणि वरून पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने सोडायचं. लेप निघाला की लगेच भरपूर पाण्याने धुवायचं, नाहीतर आम्ल टेपखाली शिरून कड दातेरी होते आणि पुढे नेमकं तिथूनच शॉर्ट होतं. मग साबणपाणी, डीआयोनाइज्ड पाणी, अ‍ॅसिटोन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल या क्रमाने प्रत्येकी १५ मिनिटं अल्ट्रासोनिकमध्ये. आपल्याकडे बोअरचं पाणी जड आहे. साबण काढायला ते वापरलं की सुकताना क्षारांचे पांढरे ठिपके राहतात, आणि १०० नॅनोमीटरच्या थराला असा ठिपका म्हणजे डोंगर. शेवटी नायट्रोजनच्या झोताने काच कोरडी करून २० मिनिटं यूव्ही-ओझोनमध्ये ठेवावी. बाहेर काढल्यावर पाण्याचा थेंब टाकून बघावा: तो पसरून सपाट झाला पाहिजे. गोल राहिला तर पुढचं काहीही करू नये.

काचेवरचा पहिला थर पेडॉट-पीएसएसचा (पाण्यात मिसळलेलं वीजवाहक पॉलिमर). ते फ्रिजमध्ये ठेवावं, पण गोठू देऊ नये. गोठलं की त्याच्या गुठळ्या होतात आणि त्या परत विरघळत नाहीत. वापरण्याआधी खोलीच्या तापमानाला आणून ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून थेट काचेवर गाळायचं. स्पिन कोटरवर (काच गरागरा फिरवून थर पसरवणारं यंत्र) मिनिटाला ४००० फेरे, मग १४० अंशांवर १५ मिनिटं. हॉट प्लेटच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. काचेच्या वरच्या अंगाला थर्मोकपल चिकटवून बघितलं तर १० ते १५ अंशांचा फरक सहज सापडतो. हा थर हवेतलं पाणी ओढतो, म्हणून काच गरम असतानाच पुढच्या कामाला लागावं.

मुख्य थरासाठी १ मिलिलिटर ऑर्थो-डायक्लोरोबेन्झीनमध्ये २० मिलिग्रॅम पी३एचटी आणि १६ मिलिग्रॅम पीसीबीएम, ६० अंशांवर रात्रभर ढवळत. प्रकाश पडल्यावर रेणूत जी उत्तेजित जोडी तयार होते ती साधारण १० नॅनोमीटर सरकते आणि विझते. तेवढ्या अंतरात तिला दोन पदार्थांची सीमा सापडली पाहिजे. म्हणजे मिश्रण बारीक हवं, पण इतकंही नको की इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) यांना बाहेर पडायला सलग वाटच राहू नये. हा तोल ठरतो थर वाळण्याच्या वेगावर. सगळा खेळ इथे आहे. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर काच थर ओला असतानाच थांबवायची आणि पेट्री डिशखाली झाकून ठेवायची. आधी नारिंगी दिसणारा थर कडेकडून जांभळट व्हायला लागतो, आणि वीसेक मिनिटांत पूर्ण काच गर्द वांगी रंगाची होते. हा रंग म्हणजे पी३एचटीच्या साखळ्या ओळीने लागल्याची खूण. वर्णपटात ६०५ नॅनोमीटरजवळ खांदा दिसला की खात्री पटते. मग ११० अंशांवर १० मिनिटं. तापमान किंवा वेळ फार वाढवली तर पीसीबीएमचे मोठे स्फटिक होतात, ते साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसतात, आणि प्रवाह पडतो.

एक गणित लक्षात ठेवावं: थराची जाडी फेऱ्यांच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. फेरे दुप्पट केले तर जाडी निम्मी होत नाही, सुमारे ७० टक्के राहते.

आता आपल्या हवेबद्दल, कारण परदेशी शोधनिबंधातली कृती जशीच्या तशी इथे लागू पडत नाही. मे महिन्यात दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास आणि खोली ३५ अंशांच्या वर. ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांपर्यंत. डायक्लोरोबेन्झीन १८० अंशांना उकळतं, ते हे बरंचसं सोसतं. क्लोरोफॉर्म ६१ अंशांनाच उकळतं, आणि पीएम६-वाय६ त्यातच करतात (१ ला १.२ या प्रमाणात, अर्धा टक्का क्लोरोनॅफ्थलीन घालून). उन्हाळ्यात ते पिपेटमधून पडतापडताच वाळतं आणि काचेवर मधून कडेकडे रेषा उमटतात. पावसाळ्यात उलट होतं: क्लोरोफॉर्म उडताना काच गार पडते, तिच्यावर दव धरतं आणि थर दुधाळ होतो. त्या दुधाळपणात सूक्ष्म भोकं असतात. तो थर तापवून सुधारत नाही, टाकूनच द्यावा लागतो. ग्लोव्ह बॉक्स (नायट्रोजन भरलेली हवाबंद पेटी) नसेल तर स्पिन कोटरवर अ‍ॅक्रिलिकची पेटी बसवून आत कोरडा नायट्रोजन सोडावा, आत आर्द्रतामापक ठेवावा आणि काटा ३० टक्क्यांखाली आल्याशिवाय थेंब टाकू नये. आम्ही प्रत्येक काचेच्या नोंदीत आर्द्रता आणि तापमान लिहितोच. जून उजाडल्यावर कार्यक्षमता का पडली याचं उत्तर बहुतेक वेळा त्याच रकान्यात मिळतं.

धातूचा थर चढवताना दोन अडचणी असतात, लाईट आणि पाणी. लिथियम फ्लोराइड ०.८ नॅनोमीटर, त्यावर अ‍ॅल्युमिनियम १०० नॅनोमीटर, निर्वात १०⁻⁶ टॉरच्या घरात. अ‍ॅल्युमिनियमचे पहिले १० नॅनोमीटर सेकंदाला एखाद्या अँगस्ट्रॉमने सावकाश, मग वेग वाढवावा. डिफ्यूजन पंप (गरम तेलाच्या वाफेवर चालणारा निर्वात पंप) असेल तर लाईट जाताच आधी चेंबरचा मोठा व्हॉल्व्ह बंद, मग बॅकिंगचा (मागच्या रोटरी पंपाकडचा), आणि रोटरी पंपात हवा सोडायची. नाहीतर रोटरीचं तेल उलटं ओढलं जातं. तेल गरम असताना पंपाला हवा लागली तर ते जळून घट्ट होतं. थंड करायला नळाचं पाणी वाहतं सोडणं आपल्याकडे परवडणारं नाही. टाकी आणि छोटा चिलर लावून तेच पाणी फिरवावं. एप्रिल-मेमध्ये टाकी तापते, बॅफल (तेलाची वाफ अडवणारा गार पडदा) नीट गार होत नाही आणि तेलाची वाफ थरावर बसते, म्हणून तेव्हा धातू पहाटे चढवावा. अर्ध्यावर थांबलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर लाईट आल्यावर पुन्हा थर चढवून ते सेल मोजू नयेत. मधे ऑक्साइड बसलेलं असतं.

मोजणी अंधारापासून सुरू करा. अंधारातल्या प्रवाह-व्होल्टेज आलेखातच गळती दिसते. उजेडातला आलेख सरळ रेष झाला आणि फिल फॅक्टर (आलेख किती चौकोनी आहे याचं माप) ०.२५ आला, तर सेलमध्ये डायोड उरलेला नाही, नुसता रोध आहे. शून्य व्होल्टजवळ उतार जास्त असेल तर शॉर्ट वाटा शोधा: कड, धूळ, न गाळलेलं पेडॉट. ओपन सर्किट व्होल्टेजजवळ (जिथे प्रवाह शून्य होतो) आलेख फार आडवा असेल तर मालिका रोध (थर आणि संपर्क यांचा रोध) जास्त आहे. आयटीओचा संपर्क आधी खरवडून बघा. आलेखाला एस आकार आला तर दोष थरांच्या सीमेवर असतो. उलट्या रचनेत (जिथे इलेक्ट्रॉन आयटीओच्या बाजूने बाहेर पडतात) झिंक ऑक्साइड असेल, तर यूव्हीसकट प्रकाशात काही मिनिटं ठेवल्यावर हा आकार जातो का, तेही पाहावं.

नीट बनलेल्या पी३एचटी सेलला साधारण ०.६ व्होल्ट, चौरस सेंटिमीटरला ९ ते १० मिलिअँपिअर आणि ०.६२च्या आसपास फिल फॅक्टर मिळतो. हा पदार्थ ६५० नॅनोमीटरपलीकडचा प्रकाश जवळपास घेतच नाही, त्यामुळे प्रवाह १४ मिलिअँपिअर आला तर आनंद मानू नये. बहुतेक वेळा काळा मास्क (प्रकाश पडायचं क्षेत्र ठरवणारं झाकण) लावलेला नसतो, आणि पेडॉट बाजूच्या भागातूनही प्रवाह गोळा करत असतं.

एलईडी करणाऱ्यांसाठी जवळपास हीच कृती चालते, फक्त प्रकाश देणारा थर ७० ते १०० नॅनोमीटर असल्याने धुळीचा एक कणही जड जातो. पाणी शिरलं की काळे ठिपके वाढत जातात, म्हणून धातू चढवल्यावर लगेच काचेचं झाकण यूव्ही इपॉक्सीने बसवावं आणि आत ओलावा शोषणारा तुकडा ठेवावा. सोलर सेलवाल्यांनीही आपला सेल अंधारात बाहेरून फॉरवर्ड व्होल्टेज देऊन दिव्यासारखा चालवावा आणि त्याचा उजेड मोजावा. चांगला सेल चांगला दिवाही असतो: ही प्रकाश देण्याची क्षमता दहापट वाढली, तर ओपन सर्किट व्होल्टेज खोलीच्या तापमानाला सुमारे ६० मिलिव्होल्टने वाढतं. पी३एचटीच्या सेलचा उजेड इतका क्षीण असतो की तो मोजायला थंड केलेला डिटेक्टर लागतो. वाय६च्या सेलमध्ये तो बराच जास्त असतो, आणि त्याच्या व्होल्टेजचा तोटा कमी असण्यामागे हे एक मोठं कारण आहे.