क्रांतिकारक स्त्रियांचे भरतकाम : दुसरा पट अर्ध्यावर

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील क्रांतिकारक स्त्रियांवर मी चार भरतकामपट करायला घेतले आहेत. त्यांपैकी पहिला पूर्ण झाला असून दुसरा निम्म्याहून अधिक भरून झाला आहे. या स्त्रियांचा विषय निघाला की बहुधा त्यांनी झाडलेल्या गोळ्यांचीच चर्चा होते. मला मात्र त्यांनी लपवलेले, पोहोचवलेले आणि वेशांतर करून साधलेले काम दोऱ्यात आणायचे आहे, कारण त्या कामावाचून पिस्तूल कोणाच्या हाती पडलेच नसते.

पहिला पट मादाम कामा यांनी ऑगस्ट 1907 मध्ये स्टुटगार्टच्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत फडकावलेल्या ध्वजाचा आहे. वरच्या हिरव्या पट्ट्यातील आठ कमळे भरीव टाक्याने, तर खालच्या लाल पट्ट्यातील सूर्य आणि चंद्रकोर साखळी टाक्याने भरली. मधल्या केशरी पट्ट्यावर देवनागरीत ‘वंदे मातरम्’ आहे. तिथे साखळी टाका जाड दिसला असता, म्हणून दोन पदरी दोऱ्याने दांडी टाका घेतला आणि ‘म्’चा पाय मोडताना टाके अगदी लगत ठेवले. इंदुलाल याज्ञिक यांनी भारतात आणलेला हा ध्वज पुण्यात केसरी-मराठा ग्रंथालयात जतन केलेला आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी रंग ठरवण्यापूर्वी तो अवश्य पाहावा.

दुसरा पट ननीबाला देवींचा आहे आणि माझा जीव खरा गुंतला आहे तो यातच. 1915 मध्ये बंगालचे क्रांतिकारक रामचंद्र मजुमदार पकडले गेले, तेव्हा त्यांनी एक माउझर पिस्तूल कुठे ठेवले आहे हे बाहेरच्या साथीदारांना ठाऊक नव्हते. बालपणी लग्न होऊन कोवळ्या वयात विधवा झालेल्या ननीबालांनी भांगात सिंदूर भरला, हातात शंखाच्या बांगड्या घातल्या आणि रामचंद्रांची पत्नी म्हणून तुरुंगात जाऊन ती माहिती काढून आणली. त्या काळच्या बंगाली हिंदू विधवेने सौभाग्यचिन्हे धारण करणे म्हणजे स्वतःच्या घरादाराचा आणि समाजाचा रोष ओढवून घेणे होते, आणि माझ्या मते हे धाडस गोळी झाडण्याहून तसूभरही कमी नाही. पुढे त्यांना पेशावरमध्ये अटक झाली, छळ सोसूनही त्यांनी काही सांगितले नाही, आणि खटल्याविना कैदेत ठेवू देणाऱ्या 1818 च्या तिसऱ्या रेग्युलेशनखाली त्यांना राजबंदी म्हणून ठेवण्यात आले.

या पटासाठी कांथ्याचा धावदोरा निवडला आहे, कारण जुन्या साड्यांचे थर एकत्र शिवण्याची ती बंगालच्या घराघरांतील रीत आहे. पांढऱ्या पातळावर पांढरी शंखाची बांगडी उठून दिसावी म्हणून पातळ मळकट पांढऱ्या आणि बांगडी शुभ्र दोऱ्याने भरते आहे. भांगातली रेघ मात्र एकाच पदराने, बारीक टाक्यांनी घातली. संपूर्ण पटात लाल रंग तेवढाच आहे.

तिसऱ्या पटाचे रेखाटन तयार आहे. डिसेंबर 1928 मध्ये, साँडर्सच्या वधानंतर पोलिसांना चुकवण्यासाठी, दुर्गाभाभी आपल्या लहानग्या मुलासह, साहेबी वेशातील भगतसिंगांची पत्नी म्हणून, लाहोरहून आगगाडीने निघाल्या. आपल्या खेडचे राजगुरू नोकराच्या वेशात सोबत होते. यात चेहरे भरणार नाही. ओव्हरकोट, फेल्ट हॅट, साडीचा पदर आणि मुलाचा हात एवढेच येईल.

चौथ्या पटासाठी 6 फेब्रुवारी 1932 चा कोलकाता विद्यापीठाचा पदवीदान समारंभ घेतला आहे. बीना दास यांनी तिथे बंगालचे गव्हर्नर स्टॅन्ली जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या; जॅक्सन बचावले आणि बीनांना 9 वर्षांची शिक्षा झाली. ते रिव्हॉल्व्हर त्यांना क्रांतिकारक कमला दासगुप्त यांनी मिळवून दिले होते. त्यामुळे पटाच्या मध्यभागी सभागृह न घेता एका हातातून दुसऱ्या हातात जाणारी कापडी पुरचुंडी घेते आहे, आणि दोन्ही हातांना सारख्याच जाडीचा दोरा वापरणार आहे.