‘चालेल ना?’ असं विचारता म्हणून

“जरा वाचून बघता का? आमच्या मुलीला चालेल ना?” नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या लहानशा वाचनालयात, कधी भाजीवाल्यापुढे उभं असतानाही, एखादं जाडजूड, जादूच्या गोष्टीचं पुस्तक माझ्या हातात येतं आणि पाठोपाठ हा प्रश्न. उत्तर एका शब्दात हवं असतं. ते मला कधीच देता आलेलं नाही. का, ते आज सविस्तर सांगते.

आधी जादूचं बघू. २०२१ साली आपल्याकडे ९४वं साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष जयंत नारळीकर. विज्ञानकथा लिहिणाऱ्याला तो मान मिळाला याचा मला मनापासून आनंद झाला. पण “विज्ञानकथा असेल तर द्या, जादूबिदू नको” हे ऐकलं की राग येतो. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कुठे कापलं ते आपण तपोवनात नेऊन चौथी-पाचवीतल्या पोरांना दाखवतो. मग पंधरा वर्षांच्या मुलीच्या पुस्तकात चेटकीण आली तर एवढं दचकायचं कशाला?

आता मी नेमकं काय बघते ते सांगते. जादू कशी चालते आणि तिची किंमत कोण मोजतं, हे सर्वांत आधी. ब्रँडन सँडरसन या जादूच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या अमेरिकी लेखकाने २००७ साली एक नियम मांडला: जादूने पेच सोडवायचा असेल, तर ती जादू वाचकाला आधी नीट कळलेली हवी. शेवटच्या प्रकरणात नायिकेच्या बोटांतून अचानक प्रकाश निघाला आणि सगळे वाचले, असं असेल तर पुस्तक माझ्या मनातून उतरतं. दुसरं, नायिका नशिबानेच ‘निवडलेली’ आहे म्हणून जिंकते की काही करते म्हणून? तिसरं, तिच्यावर पाळत ठेवणाऱ्या, तिला धमकावणाऱ्या मुलाला लेखक प्रेमवीर म्हणून खपवतोय का? यावर मी अजिबात सूट देत नाही. आणि मुखपृष्ठावर कधीच जाऊ नका. मोठ्यांसाठी लिहिलेल्या, शयनगृहातल्या तपशिलांनी भरलेल्या कितीतरी कादंबऱ्या हल्ली अगदी मुलींच्या पुस्तकांसारख्याच फुलापानांच्या वेष्टनात येतात.

या सगळ्या कसोट्यांना उतरलेलं एक पुस्तक मी एका अकरावीतल्या मुलीला दिलं होतं. अमेरिकी लेखिका अर्सुला ले ग्विन यांच्या ‘अर्थसी’ मालिकेतलं ‘द फार्देस्ट शोर’, १९७२ सालचं. एका मांत्रिकाने मरणाच्या भीतीपोटी जिवंत आणि मृत यांच्यामधलं दार उघडं केलंय, त्यातून जगातली सगळी जादू गळून चाललीय. गेड हा थोर जादूगार आणि एक तरुण राजपुत्र ते बुजवायला मृतांच्या प्रदेशात जातात. मुलीचे वडील करोनात गेलेले. तिने स्वतः मागितलं, मी दिलं.

आठवड्याभरात तिची आत्या आली. दिवेलागणीची वेळ, मी कपाटं बंद करत होते. पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. ते सोडून त्यांनी एका पानावर बोट ठेवलं. “इंग्रजी मलाही कळतं, मॅडम. हे वाचलंय तुम्ही?”

वाचलं होतं. त्या अंधाऱ्या गावात एकत्र मेलेली आई आणि मूल दिसतात. मूल धावत नाही, रडत नाही. आई त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. प्रेमापायी मेलेली माणसं रस्त्यात एकमेकांना ओलांडून निघून जातात.

“बाबा तिला तिथेही ओळखणार नाहीत, असंच लिहिलंय ना यात?”

मी म्हटलं, अहो, पुढे वाचा. गेड आपली सगळी शक्ती खर्चून ते दार बंद करतो, कायमचा रिकामा होतो. राजपुत्र त्याला घेऊन डोंगर ओलांडून जिवंतांत परत येतो. मरण आहे म्हणूनच जगण्याला अर्थ आहे, हे सांगणारं पुस्तक आहे हे.

“शेवटाचं मला काय सांगता? ती या पानावर थांबलीय. रात्री जेवली नाही.”

मुलगी दारात चपलांपाशी उभी होती. तिने एकदाच मान वर केली. “काकू, मी वाचणार होते पुढे.” आत्यांनी तिचा दंड धरला आणि दोघी जिना उतरल्या. त्यानंतर ती वाचनालयात आली नाही.

पुस्तक पूर्ण वाचल्याशिवाय त्याबद्दल बोलू नये, असं मी आधी ठणकावून सांगायची. तेव्हा मी चुकत होते असं आजही मला वाटत नाही. पण मूल्यमापन करणारा पुस्तक वाचून मिटतो आणि मग मत देतो आणि पोर एखाद्या पानावर रात्रभर बसून राहतं, हेही आत्यांनी दाखवलंच ना? तरी मला राहून राहून तिचं ते “वाचणार होते” ऐकू येतं. तिला थांबवलं कोणी, पुस्तकाने की आपण? आत्यांचा जीव तुटत होता, हे मला दिसत होतं. मुलीला त्या पानापलीकडे जायचं होतं, हेही दिसत होतं.

आणि एक गोष्ट आत्यांना सांगायची राहिली. खुद्द ले ग्विन यांनाही तो अंधारा प्रदेश तसाच ठेवावासा वाटला नाही. २००१ साली त्याच मालिकेतल्या ‘द अदर विंड’मध्ये त्यांनी जिवंत आणि मृतांमधली दगडी भिंत पाडली, मृतांना मोकळं केलं. म्हणजे जवळपास तीस वर्षांनी लेखिका स्वतःच्याच पुस्तकाशी भांडली. मग आधीचं पुस्तक मुलांना देऊ नये का? मला ते आजही या मालिकेतलं सर्वांत धीट पुस्तक वाटतं.

तेव्हा “चालेल ना?” विचारलंत, तर पुस्तकाबद्दल मी सगळं सांगेन, कोणत्या पानावर काय आहे तेही सांगेन. तुमच्या मुलीचं मात्र तुम्हालाच सांगावं लागेल, कारण तिला मी महिन्यातून एकदा, काउंटरपलीकडून बघते. ‘द फार्देस्ट शोर’ मी कपाटातून काढलेलं नाही, काढणारही नाही. ‘द अदर विंड’ही त्याच्या शेजारी आहे. ती मुलगी पुन्हा आली, तर दोन्हींपैकी कोणतं पुढे करायचं, हे मात्र माझं अजून ठरत नाही.