दिवा लावून पाणी उतरतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आषाढ लागला की कुणी ना कुणी विचारतंच, कधी भाचा, कधी दारावरची भाजीवाली: "मावशी, २०१९ ला घरात पाणी, २०२१ ला परत पाणी. तरी रोज दिवा लावून रामरक्षा म्हणता. उपयोग काय?"

पाण्यावर काही उपयोग नाही. पाण्याचं सगळं राधानगरीच्या हातात. धरण भरलं की तिथले सात स्वयंचलित दरवाजे आपसूक उघडतात, माझ्या समईला कोण विचारतंय? कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा ५५ च्या वर गेली. तेव्हा "अंबाबाईनं वाचवलं" म्हणाले सगळे. वाचवलं गल्लीतल्या पोरांनी, गुऱ्हाळाची काहील होडीसारखी ढकलत आली होती. अंबाबाईनं पोरांना बुद्धी दिली म्हणा हवं तर, माझी ना नाही.

पाण्यापेक्षा वाईट असतं ते पाण्याची वाट बघणं. घरात दुसरं बोलणंच नसतं, फूट आणि इंच. रात्री दोनला उठून पायरीवरच्या खुणेवर बॅटरी मारायची, परत येऊन पडायचं, झोप नाहीच. अशात संध्याकाळची रामरक्षा तेवढी ठरलेली. कुठं सुरू होणार आणि कुठं संपणार, हे मला माहीत असतं. तेवढा वेळ मोबाइल कपाटात.

त्या वर्षी आम्ही एका शाळेच्या वर्गात होतो. देव बेसनाच्या डब्यात. अंथरुणं पसरलेली, म्हणून दिवा लावायला मनाई, बरोबरच होतं ते. अंधारात म्हणायला लागले. रामरक्षेत डोक्यापासून पायापर्यंत एकेक अवयव रामाच्या एकेका नावाला सांभाळायला दिलेला आहे. रोजचं तोंडपाठ, पण मांड्यांवरून एकदम पोटऱ्यांवर गेले. शेजारच्या चटईवरून चौथीतली पोरगी म्हणाली, "आजी, गुडघे राहिले की!"

गुडघे कुणाकडं आहेत माहितीय? सेतुकृत्, म्हणजे समुद्रावर पूल बांधणाऱ्याकडं. आदल्या दिवशी गुडघ्याएवढ्या पाण्यातनंच बाहेर पडलेलो आम्ही. मला जे हसू फुटलं! चार दिवसांत पहिल्यांदा. पोरीला वाटलं आजी रडतेय, तिनं पाण्याची बाटली पुढं केली.

आज बंधाऱ्यावर ३४ फूट आहे म्हणे. सात वाजत आले, वाती करायच्या राहिल्यात अजून.