एका काडीला नाव मिळेपर्यंत

परवा हर्बेरियममधून, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहातून, एक्सेल शीट आली. उन्हाळ्यात इथं अमेरिकेतल्या एका पार्कातनं गोळा केलेले आमचे एकतीस नमुने, आणि त्यातल्या चारांपुढं मी दिलेल्या नावाशेजारी लिहिलेलं, "केअरेक्स. फळ नाही. यापुढं सांगता येत नाही." केअरेक्स म्हणजे गवतासारख्या दिसणाऱ्या झाडांची एक मोठी जमात. मी बॉटनीत एम.एस्सी. केलेली, लहानपणी आबांच्या म्हशींमागं हिंडून गवतं शिकलेली, आणि मला कुणीतरी सांगतंय की हे तुला माहीत असूच शकत नाही. खरं सांगते, त्या दिवशी जेवण गेलं नाही.

काम काय आहे ते थोडक्यात सांगते, कारण घरी सगळ्यांना वाटतं मी इथं बागकाम करते. मी ज्या युनिव्हर्सिटीत आहे तिचा जवळच्या एका छोट्या नॅशनल मॉन्युमेंटशी, म्हणजे सरकारनं राखलेल्या पार्काशी, करार आहे. पार्कात ठरलेल्या जागा आहेत, तिथं पन्नास मीटरचा टेप ताणायचा, दर अर्ध्या मीटरवर एक बारीक सळई खाली सोडायची आणि ती ज्या ज्या पानाला लागेल त्याचं नाव लिहायचं. काही वर्षांनी परत त्याच जागेवर तेच. ज्याचं नाव येत नाही त्याला 'अनोळखी १', 'अनोळखी २' असे नंबर द्यायचे, त्याचा नमुना जवळच पण टेपच्या बाहेरून घ्यायचा, पेपरात दाबायचा आणि हर्बेरियमला द्यायचा. तिथं मायक्रोस्कोपखाली बघून, कागदावर चिकटवलेल्या जुन्या नमुन्यांशी, म्हणजे शीटांशी, ताडून नाव ठरतं. पार्ककडं प्रत्येक कुळाचा जाणकार ठेवायला पैसा नाही आणि हर्बेरियमला आयते, जागेच्या अचूक नोंदीसकट नमुने मिळतात, म्हणून दोघांचं जमलंय.

इथं आल्यावर पहिला धक्का बसला तो परवानगीचा. पार्कात गवताची काडीसुद्धा लेखी परवानगीशिवाय तोडता येत नाही, आम्ही काम करणारे असलो तरी. परवान्याची प्रत गाडीत ठेवावी लागते. आसपास त्या जातीची वीस तरी झाडं दिसली तरच एक उचलायचं असं आम्हाला शिकवलं, नाहीतर फोटो काढायचा आणि पुढं चालायचं. आणि एवढं करून दाबलेला, वाळवलेला, शीटवर चिकटवलेला नमुना युनिव्हर्सिटीच्या कपाटात राहिला तरी मालकी पार्कचीच, युनिव्हर्सिटी फक्त सांभाळणार. मला सुरुवातीला हे सगळं अती वाटलं. आम्ही संभाजीनगरला शिकत असताना गौताळ्याला टूर गेली तेव्हा जे दिसेल ते उपटलेलं, पिशव्या भरून आणलेलं, आणि त्यातलं निम्मं होस्टेलवर पोचेपर्यंत सडलेलं मला आठवतं. अभयारण्य होतं ते, १९८६ पासूनचं! तेव्हा कुणाच्या मनात काही आलं नाही, माझ्याही नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. त्या चार केअरेक्सबद्दल मी हर्बेरियममधल्या बाईंना भेटायला गेले. वय बरंच आहे, रिटायर झाल्यात, तरी आठवड्यातनं दोन दिवस येऊन बसतात. मी म्हणलं, मला खात्री आहे, पानाची रुंदी बघा, बुडाचा लाल रंग बघा. त्या म्हणाल्या, तुझं नाव कदाचित बरोबरही असेल, पण या काडीकडं बघून ते कुणालाच सिद्ध करता येणार नाही. केअरेक्स म्हणजे आपल्या लव्हाळ्याच्या कुळातलं, जगात त्याच्या दोन हजारांच्या आसपास जाती आहेत, आणि त्या ओळखायच्या फळाभोवती जी बारीक पिशवी असते तिच्यावरून. ती पिशवीच माझ्या नमुन्यात नव्हती, आम्ही लवकर गेलो होतो.

मी तरी हटले नाही, म्हणलं अंदाजानं लिहिलं तर काय बिघडतं. तेव्हा त्यांनी मला खुर्ची दिली आणि जवळपास तासभर समजावलं. समज, यावर्षी तू अंदाजानं 'अ' लिहिलंस. चार वर्षांनी दुसरी मुलगी येईल, ती त्याच रोपाला अंदाजानं 'ब' लिहील. कागदावर काय दिसेल? 'अ' नाहीशी झाली आणि 'ब' नवीन आली. मग पार्कात मीटिंग होईल, 'अ' का गेली म्हणून अभ्यास निघेल, 'ब' बाहेरची असली तर तणनाशकाचे पैसे मंजूर होतील, आणि रोप बिचारं तिथंच, तेच, उभं. 'माहीत नाही' असं लिहिलेलं पुढच्या माणसाला कामाला येतं, चुकीचं नाव आलं की पुढचं सगळं वाकडं जातं.

मी गप्प बसले. कारण आमच्याकडं फाईल कशी व्हायची ते मला आठवत होतं. पन्नास वनस्पतींची फाईल सबमिट करायची असायची, त्यातल्या कितीतरी फायली आधीच्या बॅचच्या, लेबल तेवढं नवीन चिकटवलेलं, गोळा केल्याची तारीख आपल्या टूरची. एकाही फाईलमध्ये 'अनोळखी' म्हणून एकही झाड नसायचं. ज्याचं नाव येत नाही ते झाड फाईलमध्ये लावायचंच नाही ही आमची पद्धत. मार्क कापले जायचे ना. मी स्वतः तीन झाडांची नावं शेजारच्या मुलीच्या फाईलवरून उतरवलेली, आणि त्यातलं एक नाव चुकीचं होतं हे मला इथं आल्यावर कळलं.

मग त्यांनी मला एक कपाट उघडून दाखवलं, आणि त्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय. शीट म्हणजे जाड कागद, त्यावर वाळलेलं रोप, उजव्या खालच्या कोपऱ्यात लेबल, कुणी कुठं कधी गोळा केलं ते. रोपाचं नाव पुढं कुणाला चुकीचं वाटलं तर जुनं लेबल खोडत नाहीत, फाडत नाहीत. त्याच शीटवर एक छोटी चिठ्ठी चिकटवतात, नवीन नाव, आपलं नाव, वर्ष. ज्यांनी हाताळलं त्यांची मतं एकाखाली एक. एका शंभर वर्षांपूर्वीच्या शीटवर मी अशा चार चिठ्ठ्या मोजल्या, पहिली शाईनं लिहिलेली, दुसरी टाईपरायटरवर, शेवटच्या दोन प्रिंटरवरच्या. तिसऱ्या माणसानं दुसऱ्याला चूक म्हणलंय, आणि चौथ्यानं परत दुसऱ्याचंच नाव बरोबर धरलंय. चौघंही आपापल्या सहीनिशी तिथं हजर. आपल्याकडं मोठ्या सरांनी सांगितलेलं नाव त्यांच्याच समोर बदलायचं म्हणजे किती धाडसाचं काम, मी तर कधी केलं नाही. मला ते कपाट बंद करवेना.

इथून फार लांब नाही, वायोमिंग राज्यातल्या लॅरमीला, तिथल्या युनिव्हर्सिटीत, रॉकी माउंटन हर्बेरियम आहे, ॲव्हन नेल्सन नावाच्या प्राध्यापकांनी १८९३ मध्ये सुरू केलेलं. १८९९ च्या उन्हाळ्यात ते विद्यार्थ्यांना घेऊन येलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये झाडं गोळा करत हिंडले. म्हणजे पार्क आणि युनिव्हर्सिटीची ही सोयरीक सव्वाशे वर्षांची आहे. तेव्हाच्या शीटा आजही काढून बघता येतात, कुठलं गवत तेव्हा होतं आणि कुठलं नंतर घुसलं ते सांगता येतं. इथं चीटग्रास म्हणून एक गवत आहे, युरोप-आशियातनं आलेलं, मे-जूनमध्येच वाळून कोळ होतं आणि वणवा पसरवतं. ते कोणत्या भागात कधी पोचलं याचा सगळ्यात जुना पुरावा कित्येकदा अशी एखादी शीटच असते.

पण हे सगळं वाचून इथलं सगळंच भारी असं कुणी म्हणू नका. २०२४ मध्ये इथल्याच ड्यूक युनिव्हर्सिटीनं आपलं हर्बेरियम बंद करायचं जाहीर केलं, सव्वाआठ लाखांच्या आसपास नमुने. एवढ्या श्रीमंत युनिव्हर्सिटीला ते परवडेना. आणि आपल्या मराठवाड्याकडं बघा. दुष्काळी, मागास म्हणून ज्याला हिणवतात त्या आमच्या भागाची 'फ्लोरा ऑफ मराठवाडा', म्हणजे इथं उगवणाऱ्या झाडांची शास्त्रीय नोंद, दोन खंडांत १९९८ मध्ये आली, व्ही. एन. नाईक सरांची, संभाजीनगरहून. घाट नाही, कोकणासारखा पाऊस नाही, माळ आणि बालाघाटचे डोंगर, तरी कुणीतरी प्रत्येक झाड बघून लिहून ठेवलं ना. माझ्याकडं त्याच्या झेरॉक्स आहेत आणि त्या मी इथल्या लोकांना मुद्दाम दाखवते.

आणि माणसांचं म्हणाल तर आमचे आबा. माझ्या क्रूमधल्या पोरांना फूल नसलेलं गवत ओळखायला लिग्यूल बघावं लागतं, म्हणजे पान खोडाला मिळतं तिथला पातळ पापुद्रा, भिंग लावून. आबा लांबून सांगायचे, तो कुंदा, ती मारवेल, तो पवना, आणि म्हैस कशाला तोंड लावील, कशाला नाही, हेही. मी खाली बसून काही उपटायला लागले की म्हणायचे, "काय शोधायलीस गं, मला इचार की." कुसळ बी धरायच्या आधी कापायचं, नाहीतर ते जनावराच्या तोंडाला टोचतं, हे त्यांनीच शिकवलेलं.

इथं पहिल्या उन्हाळ्यात माझ्या सॉक्समध्ये तसंच काहीतरी घुसलं. काढून बघितलं तर अणकुचीदार बी आणि मागं पिळदार लांब शेपटी, ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो, असं करत बी मातीत शिरतं. नीडल अँड थ्रेड म्हणतात त्याला. जात वेगळी, पण युक्ती अगदी आपल्या कुसळाची. मी माळावर एकटीच उभी होते, क्रू पुढं गेलेली, आणि मला इतकं रडू आलं की टेपचा आकडा चुकला आणि परत मोजावं लागलं.

दादा फोनवर म्हणतो, "गवत ओळखायला अमेरिकेला कशाला जावं लागतंय, आबाला इचारायचं होतं." आबा २०१९ ला गेले. मी काय काय विचारलं होतं? कुंद्याचे दोन प्रकार सांगायचे ते, एक खणून निघतो आणि एक निघत नाही, ते दोन कुठले हे मी कधी शीटवर घेतलं नाही. विद्यापीठ होतं, दाबायचा प्रेस होता, आबा होते, सगळं तीन-चार तासांच्या अंतरात, आणि जिनं ते जोडायला हवं होतं ती मी दुसऱ्याच्या फाईलवरून नावं उतरवत होते. दादाला हे सांगितलं नाही. त्याला एवढंच म्हणलं की इथं आल्याशिवाय मला हे शिकायला मिळालं नसतं. आणि ते खोटं नाही. तिकडं मला कुणी तासभर खुर्चीत बसवून एका 'माहीत नाही'साठी समजावलं नसतं, निदान मला तसं कुणी भेटलं नाही, ज्या कॉलेजात मी आधी होते तिथलं हर्बेरियमचं कपाट तर वाळवीनं खाल्लेलं आणि किल्ली क्लार्ककडं.

आजी म्हणायची गाजरगवत आपल्या शिवारात बहात्तरच्या दुष्काळात आलं, मिलोबरोबर, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीबरोबर. सुकडी आणि मिलो खाल्लेली पिढी ती, तिच्या मनात दोन्ही अमेरिकेचंच. गाजरगवत मूळचं अमेरिका खंडातलं हे खरं, आणि पुण्यात त्याची नोंद १९५० च्या दशकातच झालेली. पण आमच्या गावात ते कुठल्या साली उगवलं? आजी बरोबर होती का? त्या वर्षी कुणी एक रोप उपटून जुन्या पेपरात दाबून तारीख लिहून ठेवलं असतं तर आज उत्तर मिळालं असतं. पहिल्यांदा उगवलेलं अनोळखी रोप, नाव नसलं तरी चाललं असतं. हेच मला इथल्या बाई सांगत होत्या आणि मला कळायला चार केअरेक्स लागले.

मागच्या आठवड्यात भाच्याला व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं, सातवीत आहे. आपल्याच बांधावरचं घे, अभयारण्यातलं नको, मुळासकट घे, पान दुमडून ठेव म्हणजे मागची बाजू पण दिसते. मला पाठवू नको, सुट्टीत विद्यापीठात दाखवायला जाऊ. त्यानं कुसळाचं एक झुडूप घेतलं, पेपरात घातलं आणि वरून सोयाबीनचं पोतं ठेवलं. कार्ड केलंय, तारीख, गाव, 'जुन्या विहिरीच्या वरचा बांध', मग 'आमच्याकडं म्हणतात: कुसळ'. शेवटची ओळ शास्त्रीय नावाची.

"आत्या, हे गुगलवरून टाकू का?"

म्हणलं नको, रिकामं ठेव. आणि पेपर रोज बदल, नाहीतर बुरशी धरेल. तर म्हणाला, पोतं मला उचलत नाही, बाबा सकाळी शेतात जातात, रात्री आले की बदलतो.