रेघेपर्यंत भरा, पिंपाला हात लावू नका

ब्रिटनमध्ये गावच्या हॉलमध्ये किंवा रग्बी क्लबच्या तंबूत मदतनिधीसाठी बिअर महोत्सव भरतात. बारमागे उभे राहणारे बहुतेक स्वयंसेवकच असतात. तिकडे राहणाऱ्या कुणी मराठी माणसाने नाव नोंदवलं असेल, तर पहिल्या पाळीआधी हे वाचून जा.

इथली बिअर 'कास्क एल' असते, म्हणजे पिंपातच मुरणारी 'एल' प्रकारची बिअर. तिच्यात यीस्ट जिवंत असतं आणि ते पिंपाच्या तळाशी गाळ होऊन बसतं. नेहमीचं पिंप म्हणजे फर्किन : ९ गॅलन, म्हणजे ७२ पाइंट, साधारण ४१ लिटर. गाळापायी त्यातले चार-पाच पाइंट हाती लागत नाहीत, हे आधीच धरून चाला. पिंपं एक-दोन दिवस आधी घडवंचीवर आडवी ठेवून, पाचरी मारून पक्की केलेली असतात. त्यांना टेकायचं नाही, त्यांच्यावर ग्लास ठेवायचा नाही. एक धक्का बसला की गाळ उठतो आणि पुन्हा खाली बसायला तास न् तास जातात.

समोर तोटी असते आणि वरच्या बुचात एक छोटी लाकडी खुंटी. या खुंटीकडे नवख्यांचं लक्षच जात नाही. मऊ खुंटीतून वायू झिरपतो, कठीण खुंटी तो अडवते. विक्री चालू असताना कठीण खुंटी घट्ट राहिली तर आत पोकळी तयार होते, धार बारीक होते आणि तोटीतूनच हवा गुडगुडत आत शिरते. तिने गाळ ढवळला जातो. धार मंदावली की आधी खुंटी बघा. पिंप संपलं समजून ते वाकवायला जाऊ नका. वाकवणं पिंपं सांभाळणाऱ्याचं काम आहे. तो पिंप निम्म्याहून जास्त रिकामं झाल्यावर ते मागून हळूच उचलून खाली पाचर सरकवतो.

ओतताना ग्लास तिरका, तोटीच्या अगदी जवळ, पण तोटी बिअरमध्ये बुडू द्यायची नाही. तोटी पूर्ण उघडा. अर्धवट उघडली की बिअर खळबळते आणि नुसता फेस होतो. शेवटी ग्लास सरळ करा.

आता मापाचं. तिथल्या कायद्याने ही बिअर तिहाई, अर्धा, दोन तृतीयांश किंवा पूर्ण पाइंट अशीच विकता येते. पाइंट ५६८ मिलीलिटरचा, तिहाई १८९ ची. महोत्सवाच्या ग्लासवर रेघा असतात; बिअर रेघेपर्यंत, फेस तिच्या वर. कमी भरणं बेकायदा. आणि 'चांगल्या कामासाठीच आहे की' म्हणून सढळ हाताने ओतणं म्हणजे त्याच कामाचे पैसे सांडणं. फर्किनमध्ये २१६ तिहाया. प्रत्येकीत १० मिलीलिटर जास्त गेलं तर २ लिटरच्या वर, म्हणजे पावणेचार पाइंट फुकट. वीस पिंपांचा हिशेब तुम्हीच करा.

बारवर बहुधा रोख घेत नाहीत, टोकन घ्यायचं किंवा गिऱ्हाइकाने आधीच विकत घेतलेल्या कार्डावरचे चौकोन खोडायचे असतात. आधी खोडा, मग ओता. गर्दीत उलट केलं की गोंधळ ठरलेलाच.

१८ वर्षांखालच्याला विकलं तर ज्याने ओतलं तोही कायद्याच्या कचाट्यात येतो, स्वयंसेवक असला तरी. म्हणून २५ पेक्षा लहान दिसणाऱ्या प्रत्येकाकडे ओळखपत्र मागायची पद्धत आहे. पिऊन तर्र झालेल्याला विकणंही गुन्हा. वाद घालत बसू नका, बारप्रमुखाला बोलवा आणि पाण्याचा ग्लास पुढे करा.

चव घेऊन बघायला घोटभर द्यायला हरकत नाही, आयोजकांची परवानगी असली तर. तक्रार आली की वास घ्या : व्हिनेगरसारखा आंबूस असेल तर बिअर बिघडली, लोण्यासारखा असेल तर बहुधा आंबवण्यातला दोष. गढूळपणा मात्र नेहमीच दोष नसतो. बरेच एल स्वच्छ करायला आयझिंग्लास घालतात, ते माशाच्या वायुपिशवीपासून बनतं. ते न घातलेली बिअर मुद्दामच धुरकट ठेवलेली असते. शाकाहारी गिऱ्हाईक हे हमखास विचारतं (आपल्याकडच्यांना तर हे ऐकून धक्काच बसतो), तेव्हा यादीत 'अनफाइन्ड', म्हणजे आयझिंग्लास न घातलेली, कुठली हे पाठ ठेवा. मिल्क स्टाउट या काळ्या बिअरमध्ये दुधातली साखर असते, हेही.

तापमान ११ ते १३ अंश. 'गरम आहे' अशी तक्रार येईल. थंडगार लागर बिअर पिणाऱ्याला तसं वाटतंच. बर्फ घालून देऊ नका. उन्हाळी तंबूत मात्र पिंपावरची ओली गोणपाटं सुकली नाहीत ना, हे दर तासाला बघा.

बंद करताना कठीण खुंट्या परत ठोका, नाहीतर सकाळपर्यंत बिअर मेलेली असते. तोट्या पुसा, ठिबकणाऱ्या तोटीखाली भांडं ठेवा. त्या भांड्यातली बिअर पुन्हा ग्लासात जाणार नाही, कितीही स्वच्छ दिसली तरी.